कामाच्या ठिकाणी साप निघाला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखाना, गोदाम, ऑफिस, वीटभट्टी, चिरेखाण, गुऱ्हाळ, पोल्ट्री. महाराष्ट्रात आणि गोव्यात जिथे उंदीर, पाली किंवा बेडूक आहेत तिथे आज ना उद्या साप येतो. पावसाळ्याच्या तोंडाला सुरक्षा अधिकारी, सुपरवायझर आणि वॉचमन जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं.

साप दिसला. पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

जागच्या जागी थांबा, मग सावकाश मागे सरका. साप साधारणपणे आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर अर्ध्यापर्यंत झेप घेऊ शकतो. चार फुटी नागासाठी ते अंतर दोन फुटांच्या आत येतं. दहा फूट लांब उभं राहिलात की तुम्ही सुरक्षित आहात आणि सापही शांत होतो.

मग एका माणसाला, एकालाच, सापावर नजर ठेवायला उभं करा. त्याचं काम फक्त बघणं. काठी नको, फोटोसाठी वाकणं नको. हे काम क्षुल्लक वाटतं म्हणून कोणी करत नाही आणि तिथेच घोळ होतो. सगळे फोन करायला, साहेबांना सांगायला पळतात. परत येऊन बघतात तर साप गायब. आता तो दोनशे पॅलेटच्या गोदामात कुठेतरी आहे आणि पुढचे दोन दिवस कोणी कामाला हात लावत नाही. दिसत असलेल्या सापापेक्षा न दिसणारा साप जास्त महागात पडतो.

बाकीच्या सगळ्यांना बाहेर काढा. आसपासची मशिनं, फोर्कलिफ्ट, कन्व्हेयर थांबवा. सापाला हवेतला आवाज फारसा ऐकू येत नाही, पण जमिनीची थरथर लगेच कळते. फोर्कलिफ्ट फिरत राहिली की तो अडचणीत शिरतो. खोली छोटी असेल तर दार लावून घ्या आणि दाराखालच्या फटीत बाहेरून पोतं किंवा जाड कापड घट्ट कोंबा. उलट साप शटरच्या तोंडाशी असेल आणि त्याचा कल बाहेर जाण्याकडे असेल, तर त्याला जाऊ द्या. बाहेर गवतात गेलेला साप पकडून आणायची काही गरज नसते.

फोन कोणाला करायचा?

महाराष्ट्रात वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. त्याशिवाय तुमच्या भागातल्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा आणि वन विभागाकडे नोंद असलेल्या दोन सर्पमित्रांचा नंबर गेटवर, कंट्रोल रूममध्ये आणि रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे लिहून ठेवलेला असावा. दोन अशासाठी की जुलैमध्ये एकाच संध्याकाळी त्यांना चार-पाच फोन येतात.

फोनवर सांगायच्या गोष्टी चारच: नेमकी जागा (प्लॉट नंबर, कुठलं गेट), साप आत्ता दिसतोय की नाही, अंदाजे लांबी-रंग, आणि कोणाला चावलाय का. शेवटचं उत्तर ‘हो’ असेल तर आधी १०८, सर्पमित्र नंतर.

एक बारीक गोष्ट. रात्री सापाचं नाव घेऊ नये म्हणून अनेक ठिकाणी ‘जनावर निघालं’, ‘लांबडं दिसलं’ म्हणतात. दंश झाला तर ‘पान लागलं’. वॉचमनचा असा फोन आला की शहरातल्या नव्या अधिकाऱ्याला वाटतं कुत्रं-बित्रं असेल. हे शब्द तुमच्या कंट्रोल रूमला माहीत असू द्या.

साप इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये शिरलाय. काय करू?

इथे दोन धोके आहेत आणि माणसं चुकीच्या धोक्याला घाबरतात. पॅनेलमधला साप बहुतेक वेळा पाल किंवा उंदराच्या मागे केबल ट्रेंचमधून वर आलेला असतो. लोखंडी सळई किंवा ओली काठी आत घालून त्याला हुसकवायला गेलं, तर सापाच्या आधी बसबार (वीज वाहणारी उघडी धातूची पट्टी) चावतो. स्वतः साप दोन फेजना चिकटला तर शॉर्ट होऊन पॅनेल जळतं, तेही उघड्या दारासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर.

म्हणून क्रम असा. दार उघडलं असेल तर आहे तसं सोडा आणि मागे व्हा. अधिकृत इलेक्ट्रिशियनने त्या पॅनेलला येणारा पुरवठा मागच्या ब्रेकरवरून बंद करायचा, कुलूप आणि टॅग लावायचा. पॅनेलचं स्वतःचं मेन स्विच पाडून भागत नाही, कारण येणारी बाजू जिवंतच राहते. कपॅसिटर बँक (वीज साठवणारा संच) असेल तर ती डिस्चार्ज होईपर्यंत थांबायचं. मग सर्पमित्राने, इलेक्ट्रिशियन शेजारी असताना, साप काढायचा. परत चालू करण्याआधी आतली कात, मेलेला उंदीर, कुरतडलेली वायर बघून घ्या आणि ग्लँड प्लेटवरची (केबल आत घ्यायच्या पत्र्यावरची) ज्या भोकातून तो आला ती जागा बंद करा. ग्लँड निघालेलं किंवा कधी बसवलंच नव्हतं असं एक तरी भोक बहुतेक पॅनेलला सापडतं.

विषारी की बिनविषारी, कसं ओळखायचं?

खरं उत्तर: तुम्ही ओळखायची गरज नाही, लांब राहा. पण तरी लोक ओळखतातच आणि चुकतात, म्हणून सांगतो. आधी खोटे नियम काढून टाका. ‘त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी’ हा नियम नाग आणि मण्यार या दोघांनाही लागू पडत नाही. ‘शेपूट आखूड म्हणजे विषारी’ हाही तसाच.

महाराष्ट्रात माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे.

नाग फणा काढतो आणि त्यावर बऱ्याचदा १० च्या आकड्यासारखी खूण असते. पण फणा न काढलेला नाग लांबून धामणीसारखा दिसतो, आणि काही नागांच्या फण्यावर खूण अजिबात नसते. ‘धामणच आहे’ म्हणून शेपटीला धरल्यावर फणा वर आला, असे दंश होतात.

घोणस जाडजूड, तपकिरी, पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी. प्रेशर कुकरची वाफ सुटावी तसा मोठा फुत्कार टाकते. बिनविषारी डुरक्या घोणस आणि अजगराचं पिल्लू या दोघांशी तिची गल्लत होते. अजगराचे डाग वेडेवाकडे असतात, साखळीसारखे ओळीत नसतात. ‘अजगराचं पिल्लू सापडलं’ म्हणून घोणस हातात घेतलेल्यांचे फोटो दर पावसाळ्यात फिरतात.

फुरसे जेमतेम फूट-दीड फूट. डोक्यावर बाणासारखी खूण, अंगाच्या बाजूला पांढुरकी नागमोडी रेघ. वेटोळं करून खवल्यांवर खवले घासतं तेव्हा करवतीसारखा आवाज येतो. कोकणातल्या जांभ्याच्या कातळावर, चिरेखाणीत आणि आंब्याच्या बागेत रचलेल्या दगडांखाली ते भरपूर आढळतं. आकार लहान म्हणून त्याला कोणी गंभीरपणे घेत नाही.

मण्यार काळीभोर, निळसर झाक, चकचकीत. अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. पट्टे डोक्याजवळ नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. घराघरात येणारा बिनविषारी कवड्या याच्या बरोबर उलट: रंग तपकिरी, पट्टे मानेपासूनच सुरू, रुंद, आणि शेपटीकडे विरत जाणारे. कवड्या भिंतीवर सरसर चढतो. मण्यार बहुधा जमिनीवर किंवा सामानाच्या खाली. फोटो नीट असेल तर पाठीच्या मधोमधची खवल्यांची ओळ बघावी: मण्यारीच्या पाठीवर ती मोठ्या षटकोनी खवल्यांची असते. ही परीक्षा फोटो मोठा करून करायची, साप हातात घेऊन नव्हे. ‘कवड्याच आहे’ म्हणून उचललेली मण्यार ही या धंद्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग चूक आहे.

कोकण-गोव्यात आणि सह्याद्रीच्या घाटभागात हिरवा चापडाही भेटतो, बांबूत किंवा कुंपणाच्या झुडपात. त्याच्या दंशाने खूप सूज आणि वेदना येतात, मृत्यू विरळा. आपल्याकडची सर्पदंशाची लस वरच्या चार सापांच्या विषावर बनलेली आहे, चापड्याच्या नाही. तरी दवाखाना टाळायचा नाही.

छोटंसं पिल्लू आहे. झाडूने सुपलीत घेऊन टाकलं तर?

नाही. विषारी सापाचं पिल्लू अंड्यातून किंवा पोटातून बाहेर येतं तेच विष आणि दात घेऊन. घोणस एका वेळी वीस-तीस पिल्लं घालते, नागाच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडतात तेही पावसाळ्याच्या आसपास, त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये वीतभर लांबीचे साप शटरखाली, नहाणीत, वॉटर कूलरमागे दिसतात. एक दिसलं तर आजूबाजूला आणखी असतील असं धरून चाला. आणि गांडुळासारखं चकचकीत, पाच-सहा इंची, तोंड-शेपूट सारखंच असलेलं काही नहाणीतून वर आलं तर तो वाळा; तो माणसाला चावत नाही. पण बूट घालूनच जवळ जा.

आमच्याकडचा एक कामगार साप धरतो. त्यालाच सांगितलं तर?

तो धरत असेल. प्रश्न तो नाही. त्याच्याकडे हूक, पाइप आणि पिशवी आहे का, वन विभागाकडे त्याची नोंद आहे का, आणि चावला तर जबाबदारी कोणाची? कामाच्या वेळेत, सुपरवायझरच्या सांगण्यावरून त्याने साप धरला आणि दंश झाला, तर तो मालकाच्या गळ्यात आहे. नीट काम करणारा सर्पमित्र सापाला हाताळतच नाही: काळ्या कापडी पिशवीच्या तोंडाला पाइप बांधतो, पाइप सापासमोर ठेवतो आणि हुकाने त्याला अंधाऱ्या भोकाकडे वळवतो. साप आपणहून आत जातो, पिशवी पिळून बंद. यात बघण्यासारखं काहीच नसतं. मान धरून, फणा दाखवून, कामगारांसमोर खेळ करणारा आला तर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलवा.

साप मारला तर गुन्हा आहे का?

हो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात मारणं येतं तसं पकडणं आणि सापळा लावणंही येतं. कलम ११(२) प्रमाणे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने मारलं गेलं तर तो गुन्हा नाही. पण कपाटाखाली वेटोळं करून बसलेल्या सापाला आठ जणांनी मिळून ठेचणं या व्याख्येत बसवणं अवघड आहे. व्यवहाराची गोष्ट वेगळीच: साप मारायला जाणं म्हणजे त्याच्या झेपेच्या टप्प्यात जाणं.

मांडुळाबद्दल वेगळं सांगायला हवं. दुतोंड्या, मऊ, निरुपद्रवी, पण त्याच्या भोवती पैशाचा पाऊस, औषध वगैरे भाकडकथा आहेत आणि त्यातून तस्करी चालते. गोदामात मांडूळ सापडलं आणि कोणी ‘मी सोडून येतो’ म्हणून पिशवीत घालून निघालं, तर गेटवर थांबवा आणि वन विभागाला कळवा.

साप चावला. आता?

घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहा. डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतील.

माणसाला सापापासून दूर न्या, बसवा किंवा आडवं करा. चालू देऊ नका, जिने उतरवू नका. स्नायू हलले की विष पसरायला मदत होते. अंगठी, कडं, घड्याळ, पैंजण, बूट लगेच काढा. अर्ध्या तासाने सूज आली की अंगठी कापावी लागते. चावलेला हात किंवा पाय मोडला असता तर जसा बांधला असता तसा बांधा: पुठ्ठा, फळी किंवा घडी घातलेलं वर्तमानपत्र आधाराला लावून, सैल पट्टीने. पट्टीखाली बोट सहज गेलं पाहिजे. हात असेल तर झोळीत.

१०८ बोलवा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर कंपनीची गाडी काढा. गाडीच नसेल तर मोटारसायकलवर चालवणारा पुढे, रुग्ण मध्ये आणि त्याला धरणारा मागे, असं तिघांनी जा. उलटी होत असेल किंवा गुंगी येत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.

करायचं नाही ते: करकचून दोरी किंवा आवळपट्टी नको. ब्लेडने चिरा नको, तोंडाने शोषणं नको, बर्फ नको, तुरटी-हळद-चुना नको, दारू नको, ॲस्पिरिन नको. आवळपट्टीत दुहेरी तोटा आहे: घोणस, फुरसे आणि नागाच्या विषाने तिथलं मांस सडायला लागतं, पट्टी ते विष एका जागी कोंडते आणि बोट किंवा पाय गमावायची वेळ येते, शिवाय पट्टी सुटली की साचलेलं विष एकदम अंगात जातं. म्हणूनच कोणी आधीच पट्टी बांधली असेल तर वाटेत सोडू नका. डॉक्टरांसमोर, सलाइन लागल्यावर ती सोडली जाते.

मांत्रिकाकडे ‘आधी उतरवून घेऊ’ म्हणून गेलेला तास पुढे कुठल्याही उपचाराने परत मिळत नाही. मंत्राने बरं झाल्याची जी उदाहरणं ऐकू येतात, त्यांतले बरेच दंश बिनविषारी सापाचे असतात, किंवा विषारी सापाने चावताना विष सोडलेलंच नसतं.

दातांच्या खुणा नाहीत, दुखतही नाही. तरी जायचं?

नक्की जायचं, आणि मण्यारीची शंका असेल तर धावत. मण्यारीचा दंश मुंगी चावल्यासारखा किंवा तेवढाही जाणवत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय, उलटी होतेय म्हणून उठतो. सगळ्यांना वाटतं जेवण बाधलं. तासाभरात पापण्या मिटायला लागतात, शब्द जड होतात, थुंकी गिळता येत नाही, मग श्वास. वीटभट्टीवर किंवा ऊसतोड टोळीच्या कोपीवर पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो सर्पदंश समजा. खूण शोधत बसू नका.

घोणस-फुरशाची लक्षणं वेगळी: वाढत जाणारी सूज, हिरड्यांतून किंवा जुन्या जखमेतून रक्त, लघवी लाल किंवा कमी.

लक्षण नसलं तरी किमान चोवीस तास दवाखान्यात देखरेखीखाली राहावं लागतं. ‘बरं वाटतंय’ म्हणून दोन तासांत सही करून घरी नेलेला रुग्ण रात्री परत आणताना फार उशीर झालेला असतो.

कुठल्या दवाखान्यात न्यायचं? जवळच्या की मोठ्या?

हा प्रश्न दंश झाल्यावर विचारायचा नसतो. पावसाळ्याआधी सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः जाऊन दोन गोष्टी तपासायच्या: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आत्ता आहे का आणि रात्री डॉक्टर असतो का, आणि व्हेंटिलेटर असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं. सरकारी दवाखान्यात लस मोफत असते. लस जवळ सुरू करून मग पुढे हलवणं हे बहुतेक वेळा थेट शहर गाठण्यापेक्षा चांगलं. फक्त नाग किंवा मण्यारीची लक्षणं सुरू झाली असतील तर सोबत श्वास देणारी पिशवी आणि ती वापरता येणारा माणूस हवा. श्वास वाटेतच बंद पडतो.

याला वजन का द्यायचं? भारतातल्या मृत्यूंच्या मोठ्या पाहणीनुसार २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक दवाखान्यात पोचण्याआधी. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार ठरवावा असं राज्यांना सांगितलं.

लस देतात म्हणजे काय करतात? कंपनीच्या प्रथमोपचार पेटीत ठेवता येईल का?

ठेवू नका. तिला आपण ‘लस’ म्हणतो, पण ते आधी टोचून ठेवायचं औषध नाही; घोड्याच्या रक्तातून तयार केलेलं प्रतिविष आहे. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव महाराष्ट्रात या औषधाशी जोडलेलं आहे. लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा सर्पपकड्यांच्या १९७८ साली सुरू झालेल्या सहकारी संस्थेतून येतं.

पावडरची प्रत्येक बाटली १० मिली पाण्यात विरघळवतात आणि सलाइनमधून शिरेत देतात. विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवात साधारण ८ ते १० बाटल्यांनी होते. लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला मात्रा एकच, कारण सापाने सोडलेलं विष दोघांनाही तेवढंच. काहींना लसीचीच जोरदार ॲलर्जी येते: अंगावर पित्त, थंडी, रक्तदाब कोसळणं. त्यासाठी ॲड्रेनालिन हाताशी भरून ठेवावं लागतं. म्हणून हे काम प्रथमोपचारवाल्याचं नाही. एक बाटली दंशाच्या जागी टोचून ‘लस दिली’ म्हणणारा भेटला तर तिथून निघा.

रक्त गोठतंय का हे बघायची साधी चाचणी आहे: २ मिली रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरपं करायचं. पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरसे. वीस मिनिटं नर्स नळीकडे बघत नुसती बसली आहे असं वाटून नातेवाईक भांडतात, भांडू नका.

साप मारून किंवा धरून दवाखान्यात न्यायचा का?

नको. त्या नादात दुसरा दंश होतो, आणि मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं. दहा फुटांवरून फोनने फोटो मिळाला तर घ्या, नाही तर राहू द्या. चारही सापांना लस एकच आहे आणि डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

साप पुन्हा येऊ नये म्हणून काय करावं?

साप तुमच्याकडे येत नाही, तुमच्या उंदरांकडे येतो. कँटीनचा खरकटा ड्रम, धान्याचं सांडलेलं पोतं, चिपाडाचा ढीग आणि त्यात पोसलेले उंदीर असतील तर खालचं सगळं केलं तरी साप येणार.

मग भोकं. हातात टॉर्च घेऊन संध्याकाळी दिवे बंद करून आत उभे राहा आणि बाहेरून कोणाला तरी भिंतीवर प्रकाश फिरवायला सांगा. जिथून उजेड येतो तिथून साप येतो. ६ मिलिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक फट मोजायची. शटर आणि दाराखाली रबराची किंवा ब्रशची पट्टी. नहाणी आणि गटाराला ६ मिमीची जाळी. प्लास्टिकची नको, उंदीर ती एका रात्रीत कुरतडतात. एसीच्या तांब्याच्या पाइपसाठी पाडलेलं भोक ऑफिसांत सर्वांत जास्त विसरलं जातं: बसवणारा फोम फवारून जातो, वर्षभरात फोम झडतो. तिथे तारेचा चोथा कोंबून वरून सिमेंट. केबल ट्रेंचची झाकणं तुटलेली नकोत आणि ट्रेंच जिथे इमारतीत शिरते तिथे पूर्ण बंद.

गोदामात माल पॅलेटवर, जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून दोन फूट सोडून. त्या दोन फुटांतून माणूस टॉर्च घेऊन चालू शकला पाहिजे. तिथे बारदान आणि तुटके पॅलेट टाकले की तो साप पाळायचा कोपरा झाला. बाहेर भिंतीलगत तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा. तिथे मोठी खडी टाकू नका, खडीतल्या पोकळ्या फुरशाला आवडतात. छपराला टेकणाऱ्या फांद्या छाटा. दारावरच्या झगझगीत पांढऱ्या दिव्याला किडे येतात, किड्यांना बेडूक आणि पाली, आणि त्यांच्या मागे साप. पिवळसर दिवा, तोही दारापासून जरा लांब खांबावर, बरा.

फिनेल, कार्बोलिक ॲसिड, गंधक, लसूण, थरथरणारी यंत्रं?

यातल्या कशाचाही भरवसा नाही. फिनेलच्या रेषेवरून साप सरळ जातो. कार्बोलिक ॲसिडने कामगाराची कातडी भाजते. गंधक आणि डांबरगोळ्यांचा वास ऑफिसातल्या माणसांना आधी सहन होत नाही. पैसे शटरच्या पट्टीवर घाला.

एक मारला तर दुसरा डुख धरून येतो का?

साप डुख धरत नाही. तेवढी आठवण ठेवणारा मेंदूच त्याला नाही. त्याच जागी दुसरा येतो कारण ती जागा अजून तशीच आहे: तेच उंदीर, तीच फट.

रात्रपाळीला आणि वस्तीवर काय काळजी घ्यायची?

जमिनीवर झोपू नये ही पहिली आणि शेवटची गोष्ट. खाट नसेल तर मच्छरदाणी, चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली. मण्यारीपासून वाचवणारी यापेक्षा स्वस्त वस्तू नाही. अंथरुण भिंतीला लावू नका. वॉचमनला चांगला टॉर्च आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट कंपनीने द्यावेत, कारण बहुतेक दंश पायावर होतात. गमबूट, हेल्मेट, हातमोजे घालण्याआधी उलटे करून आपटायचे. पॅलेट, फळ्या, दगड आपल्याकडे न ओढता पलीकडची कड उचलायची, म्हणजे खाली काही असेल तर वाट तुमच्या विरुद्ध बाजूला मोकळी होते. ढिगात हात घालण्याआधी काठी घाला.

आणि विंचू?

काळा मोठा विंचू दिसायला भयंकर, पण कोकणात माणसं दगावली ती छोट्या लाल विंचवामुळे. दंशानंतर नुसतं दुखत असेल तर फारसं घाबरायचं कारण नाही. पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, छातीत धडधड, पुरुषांमध्ये लिंग ताठरणं यांपैकी काही दिसलं तर विष हृदयावर चाललं आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी यावर चालते हे दाखवून दिलं. आज ती उपचाराचा भाग आहे. लवकर पोचलं पाहिजे, विशेषतः मूल असेल तर. साइटवर विंचू शोधायचे असतील तर रात्री अतिनील टॉर्च फिरवा: ते हिरवट चमकतात आणि विटांच्या थप्पीत किती आहेत ते मोजता येतं.

कामावर दंश झाला तर नुकसानभरपाई मिळते का?

काम करत असताना, कामाच्या जागी झालेला सर्पदंश हा कामावरचा अपघात म्हणून मागता येतो. राज्य कामगार विमा लागू असेल तर तिकडून, नसेल तर मालकाकडून. दावे अडतात ते कागदावर. म्हणून त्याच दिवशी अपघात नोंदवहीत वेळ, जागा आणि साक्षीदारांसह नोंद करा आणि दवाखान्याच्या कागदावर ‘सर्पदंश’ हा शब्द आहे का ते बघा. ‘अज्ञात किडा’ लिहिलं तर तेव्हाच डॉक्टरांशी बोला. मृत्यू झाला तर पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका. घरच्यांना त्या क्षणी ते क्रूर वाटतं, पण त्याशिवाय पुढचा कागद हलत नाही. शेतकरी कुटुंबातल्या माणसासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतही सर्पदंश येतो, मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये.

साप नाही, बिबट्या शिरला तर?

जुन्नर, चाकण, नाशिककडे हा प्रश्न आता काल्पनिक नाही. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला होता आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातल्या पथकाने बेशुद्ध करून त्याला बाहेर काढलं. सापाच्या वेळी जे करायचं त्यातल्या दोन गोष्टी इथे उलट होतात. नजर ठेवायला माणूस उभा करू नका, सीसीटीव्हीवरून बघा. आणि तुम्ही बाहेर पळण्याऐवजी जिथे आहात तिथेच खोलीत शिरून दार आतून लावा. १९२६ ला फोन करा, गेटवरची गर्दी पोलिसांकडून हटवा आणि बिबट्याला अंधाराकडे जाणारी एक वाट मोकळी ठेवा. बेशुद्धीचं इंजेक्शन लागल्यावरही तो काही मिनिटं जागा असतो. त्या मिनिटांत मोबाइल घेऊन खिडकीशी जमणाऱ्यांना आवरायला एक जबर सुपरवायझर लागतो.